आकाशातला ‘ध’चा ‘मा’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ केला गेला आणि माणूस जिवाला मुकला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती खरी की खोटी, हे इतिहासकारांनी ठरवावे. एका अक्षराने जीव जाऊ शकतो, हा तिच्यातला धडा मात्र खरा आहे. विमानविद्येत तर तो रोजच्या रोज लागू पडतो.

सेस्ना १७२ हे चार आसनांचे छोटे विमान जगभर शिकाऊ वैमानिक उडवतात. त्याच्या नव्या नमुन्यांत बऱ्याच जुन्या तबकड्यांची जागा आता दोन मोठ्या पडद्यांनी घेतली आहे. गार्मिन कंपनीची जी-१००० ही अशीच एक यंत्रणा. उपग्रहांच्या संदेशावरून विमान कुठे आहे, हे तिला कळते. पण उपग्रह फक्त ‘तू इथे आहेस’ एवढेच सांगतो. धावपट्टी कुठे, वळायचे कोणत्या बिंदूवर, रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी कोणती, हे सारे यंत्राच्या पोटात आधी भरून ठेवावे लागते. हाच नॅव्हिगेशन डेटाबेस. १९३० च्या दशकात एल्रे जेपसेन हा अमेरिकेतला टपाल विमानाचा वैमानिक अशीच माहिती एका काळ्या वहीत टिपून ठेवत असे. आजचा डेटाबेस म्हणजे त्याच वहीचा वंशज.

ही वही लवकर शिळी होते. गोव्यात मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याआधीच्या डेटाबेसला गोवा म्हणजे दाबोळी एवढेच ठाऊक. आता दाबोळीचा संकेत ‘व्हीओजीओ’ आणि मोपाचा ‘व्हीओजीए’. फरक शेवटच्या एका अक्षराचा! शिवाय पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सरकत असल्याने धावपट्ट्यांचे क्रमांकही कधी कधी बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची २३ क्रमांकाची धावपट्टी २००९ साली २२ झाली. म्हणून जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी, नवी आवृत्ती लागू होते.

बिघाड होतो तो बहुधा ही आवृत्ती भरताना. माहिती एका छोट्या कार्डावर येते. जी-१००० मध्ये ती दोन्ही पडद्यांच्या यंत्रांत वेगवेगळी भरावी लागते. एकात नवी आणि दुसऱ्यात जुनी राहिली, तर दोघांचे जमत नाही आणि पडद्यावर तसा इशारा उमटतो. उपाय सोपा आहे: विमान जमिनीवर असतानाच एकाच कार्डावरून दोन्हीकडे तीच आवृत्ती भरायची आणि सुरुवातीच्या पडद्यावरच्या तारखा डोळ्यांनी वाचायच्या. कार्डावरची माहिती उतरवताना खराब झाली असेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून उतरवून घ्यायची. अशी मोडतोड यंत्र स्वतःही ओळखते. प्रत्येक माहितीसंचासोबत पडताळणीचा एक आकडा असतो, तो जुळला नाही की संच नाकारला जातो.

पण मूळ माहितीच चुकीची असेल तर? किंवा वैमानिकानेच चुकीचा बिंदू निवडला तर? तेव्हा हा आकडा बिनचूक जुळतो, कारण चूक तंतोतंत पोहोचलेली असते!

२० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियातल्या काली शहराकडे एक बोइंग ७५७ उतरत होते. नकाशावर रोझो या रेडिओ केंद्राची खूण होती ‘आर’. वैमानिकांनी संगणकाला ‘आर’ सांगितले. डेटाबेसमध्ये मात्र ते अक्षर बोगोटाजवळच्या रोमिओ केंद्राचे होते. रोझोसाठी पूर्ण नाव टंकावे लागले असते. निवड पडताळली गेली नाही. विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. चूक उमगेपर्यंत उशीर झाला होता. विमानातल्या १६३ जणांपैकी १५९ जण गेले. तिथे तर दोन प्रशिक्षित वैमानिक होते. छोट्या विमानात बहुधा एकटाच असतो.

म्हणून शिकाऊ वैमानिकांना एक सवय लावली जाते. बिंदू निवडला की त्याची दिशा आणि अंतर ताज्या नकाशाशी ताडून पाहायचे, मगच विमानाला तिकडे वळू द्यायचे. माहिती चुकीची वाटली तर ती पद्धत वापरायची नाही. माहिती पुरवणाऱ्या कंपनीला लगेच कळवायचे. डेटाबेसमधली नोंद वैमानिकाला स्वतः दुरुस्त करता येत नाही, आणि तेच बरे आहे. नाहीतर प्रत्येक विमानात वेगळीच वही झाली असती.

यंत्राचा आवाज कधी कापत नाही. खरे आणि खोटे ते सारख्याच ठामपणे, सारख्याच सुबक अक्षरांत दाखवते. शंका घेण्याचे काम अजून माणसाकडेच आहे, आणि ते जमिनीवर असताना उरकले तर दोन मिनिटांत होते.