संगणकाची बिनतारी जोडणी

मेजावरच्या संगणकाला तारेवाचून इंटरनेटशी जोडावयाचे, तर वायफायचा ॲडाप्टर लागतो. संगणकात तो मूळचा नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. दुकानातील खोक्यांवर ६००, १२००, १८०० असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. मोठा आकडा तो उत्तम माल, असे समजून गिऱ्हाईक पैसे मोजते. पुढे परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी जोडणी तुटू लागली, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ शोधण्याची पाळी येते.

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. परंतु शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची शेगडी यांची तेथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर याच्या निम्म्याहूनही आखूड. तिचा वेग अधिक. मात्र जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढे ती लवकर मंदावते. म्हणून दोन्ही पट्टे असलेला ॲडाप्टरच घ्यावा.

खोक्यावरचा आकडा ही या दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज होय. १२०० म्हणजे सेकंदाला ३०० आणि ८६७ मेगाबिट मिळून झालेला ढोबळ आकडा. अशा ॲडाप्टरात एका वेळी एकच पट्टा चालतो आणि प्रत्यक्ष वेग त्याहूनही कमी भरतो. शिवाय टाळी एका हाताने वाजत नाही. घरातील राउटर वायफाय ५ चा असेल, तर वायफाय ६ चा ॲडाप्टरही वायफाय ५ च्याच रीतीने चालणार. आणि इंटरनेटची योजना १०० मेगाबिटची असेल, तर इंटरनेट त्याहून वेगाने येणार नाही.

ॲडाप्टरचे प्रकार दोन. पीसीआय एक्स्प्रेस कार्ड संगणकाच्या पेटीत बसते. त्यासाठी मदरबोर्डवर रिकामी खाच हवी. यूएसबीचा ॲडाप्टर बाहेरून खोचला की झाले. परंतु नखाएवढा ॲडाप्टर पेटीच्या मागे खोचला, तर लोखंडी पत्रा लहरींच्या आड येतो. यूएसबी ३ च्या खाचेतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाटही मिसळतो. हातभर लांबीची यूएसबी वायर जोडून ॲडाप्टर मेजावर ठेवला, तर दोन्ही दोष बरेच कमी होतात. कार्ड घेतानाही ज्याचा अँटेना वायरीने मेजावर आणता येतो, ते पाहावे.

ड्रायव्हरची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. विंडोजवर चालणारा प्रत्येक ॲडाप्टर लिनक्सवर चालेलच असे नाही. आणि इंटरनेटच नसलेल्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून घेता येत नाही. तो आधी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

राउटर त्याच खोलीत असेल, तर साधी नेटवर्क केबल स्वस्त आणि अधिक भरवशाची. तो दूर असेल, तर आधी राउटर, मग भिंती आणि शेवटी खोक्यावरचा आकडा, या क्रमाने पाहणारा सहसा फसत नाही.