नौकेची दौलत आणि संगीताची खासगी

मासेमारीबंदीचे जून आणि जुलै हे दोन महिने सरत आले, की झापांनी शाकारून ठेवलेल्या होड्या कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा उघड्या होतात, रंगाचे हात फिरू लागतात, यंत्रांची दुरुस्ती निघते आणि नारळी पौर्णिमेच्या सणासाठी पताकांची तजवीज सुरू होते. याच दिवसांत अलीकडे आणखी एक काम हमखास निघते, ते म्हणजे नौकेवर स्टिरिओ बसविण्याचे. मालवण-तारकर्लीकडे प्रवाशांना डॉल्फिन दाखविण्यास नेणारी बोट असो, वा दिवसेंदिवस खोल समुद्रात राहणारा ट्रॉलर असो, खलाशाला आणि उतारूला गाणे हवे असते. आणि अफाट पाण्यावर, यंत्राच्या अखंड घरघरीत, ओळखीचा सूर कानी पडावा ही अपेक्षा मला सर्वथैव योग्य वाटते. मात्र ज्या विजेवर हे गाणे वाजावयाचे, ती कोठून आणि किती येणार याची चौकशी आधी व्हावयास हवी; पुष्कळ ठिकाणी ती होत नाही, म्हणून हा विषय विस्ताराने मांडीत आहे.

पाण्यावर साठवणीची वीज वापरण्याचा खटाटोप जुना आहे. मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गजवळ नेवा नदीवर विद्युत्घटांच्या बळावर नौका चालवून दाखविली. परंतु ते घट एकदा रिते झाले की पुन्हा भरता येत नसत. पुनःपुन्हा भरता येणारा शिसे व गंधकाम्ल यांचा घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली सिद्ध केला, आणि आज बहुसंख्य नौकांवर जी बॅटरी दिसते ती त्याच घटाची वंशज होय. तिच्या एकेका सेलचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो आणि असे सहा सेल एकापुढे एक जोडले, की आपली नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी तयार होते.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. होळकरशाहीत दौलत आणि खासगी यांचे हिशेब वेगवेगळे असत. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळे उभारली, ती खासगीच्या उत्पन्नातून, आणि दौलतीच्या खजिन्याला त्याची तोशीस लागू दिली नाही. नौकेवरही हाच दंडक असावा. इंजिनाचा सेल्फ फिरविणारी, दिशादर्शक दिवे, वायरलेस आणि जीपीएस यांना वीज पुरविणारी बॅटरी ही नौकेची दौलत. गाण्याची बॅटरी ही खासगी. संध्याकाळभर नांगर टाकून गाणी ऐकली आणि निघण्याच्या वेळी सेल्फने नुसता ‘टक्’ असा आवाज करून मान टाकली, तर रस्त्यावरच्या मोटारीप्रमाणे नौकेला चार माणसांनी ढकलता येत नाही. ओहोटीची ओढ आणि जवळचा खडक तिची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून संगीतासाठी वाढीव बॅटरी बसवावयाची ती इंजिनाच्या बॅटरीपासून सर्वस्वी अलग ठेवावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या दोन बॅटऱ्यांची घडणही निराळी असते. इंजिनाच्या बॅटरीतील प्लेटा पातळ आणि संख्येने अधिक असल्यामुळे ती काही क्षण शेकडो अँपिअरचा प्रवाह देऊ शकते, परंतु तिला वारंवार खोलवर रिती केली तर ती थोडक्याच काळात निकामी होते. तासन् तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी जाड प्लेटांची, ‘डीप सायकल’ नावाने मिळणारी बॅटरी हवी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी या जातीची असल्याने पुष्कळजण तीच नेऊन ठेवतात. पण ती उंच असून तिच्यात ॲसिड मोकळे असते, आणि नौका हेलकावू लागली की ते सांडण्याचे भय असते. त्यापेक्षा बंदिस्त, एजीएम जातीची बॅटरी बरी. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहूनही हलकी असते आणि तिच्यातील बहुतेक साठा निर्धास्तपणे वापरता येतो, परंतु तिची किंमत अधिक; शिवाय ती चार्ज होताना इंजिनाच्या अल्टरनेटरकडून इतका प्रवाह खेचते की तो तापून जळू शकतो, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसविणे प्राप्त असते.

किती मोठी बॅटरी घ्यावी, हा प्रश्न अदमासाने सोडविण्याचा नव्हे. ॲम्प्लिफायरवर छापलेला ४०० वॅटचा आकडा हा कमाल शक्तीचा. साध्या आवाजात गाणे वाजताना सरासरी खप त्याहून पुष्कळ कमी असतो, म्हणून क्लॅम्प मीटर लावून तो प्रत्यक्ष मोजावा. समजा, सरासरी १० अँपिअर निघाले आणि गाणे सहा तास हवे, तर ६० अँपिअर-तास झाले. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक साठा काढू नये, या न्यायाने १२० अँपिअर-तास लागतील, आणि जुनेपणाची घट धरून १५० ची बॅटरी घ्यावी. बॅटरीवर लिहिलेली क्षमता बहुधा वीस तासांच्या हिशेबाची असते. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअर प्रवाह वीस तास देते, पण प्रवाह वाढविला की हाती येणारा एकूण साठाच घटतो, हेही ध्यानात असावे.

एकच बॅटरी अपुरी पडल्यास दोन बॅटऱ्या समांतर जोडाव्यात, म्हणजे धन टोकास धन आणि ऋण टोकास ऋण. मात्र त्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात. मोठ्या नौकांवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात, आणि तेथे स्टिरिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची वाईट चाल फार बोकाळली आहे. अशाने एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी अतिरिक्त चार्ज होऊन उकळते आणि अखेर दोन्ही जातात. अशा नौकेवर कन्व्हर्टर लावावा किंवा १२ व्होल्टची बॅटरी पूर्णपणे स्वतंत्र ठेवावी.

खासगीचा खजिना भरावयाचा मात्र इंजिनाकडूनच. त्यासाठी दाब ओळखणारा रिले मिळतो. इंजिन चालू होऊन दाब १३.३ व्होल्टच्या आसपास चढला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दाब उतरताच त्यांना अलग करतो, त्यामुळे विसराळू माणसाच्या हातूनही सेल्फची वीज गाण्यात खर्च होत नाही. हाताने फिरविण्याचा निवडस्विच स्वस्त पडतो, पण इंजिन चालू असता तो चुकून ‘बंद’वर गेला तर अल्टरनेटरचे डायोड जळतात. टपावर १०० वॅटचे सौर तावदान बसविले, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी पंचवीस-तीस अँपिअर-तासांची भर पडते.

राहिली ती वायरिंगची बाब, आणि बहुतेक नौकांवर घात होतो तो येथेच. दहा मीटरच्या जाण्यायेण्याच्या तारेतून २० अँपिअर वाहत असता, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.९ व्होल्ट गळतात, १० चौरस मिलिमीटरच्या तारेत केवळ ०.३५. घरगुती साधी तार वर्षभर वापरून तिचे टोक छाटून पाहावे. आवरणाच्या आत वीतभर खोलपर्यंत तांबे काळे-हिरवे पडलेले आणि बोटांनी चोळताच भुकटी होणारे आढळते, कारण खारे दमट पाणी तारांच्या पेडांमधून आत शिरत जाते. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तारच वापरावी, आणि फ्यूज स्टिरिओपाशी असला तरी एक फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असलाच पाहिजे, कारण मधली तार घासून उघडी पडली तर आग तेथूनच लागते.

बॅटरी बसविण्याची जागा खाली, नौकेच्या मध्याजवळ असावी. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तीसएक किलोची भरते आणि ते ओझे एका बाजूस गेले तर नौकेचा तोल बिघडतो. ती पट्ट्यांनी घट्ट आवळावी, आणि जागा मात्र हवेशीर ठेवावी, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. तळाचे खारे पाणी ॲसिडात मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो, तेव्हा बॅटरी त्या पाण्याच्या पातळीच्या वरच हवी. स्पीकरमधील चुंबक होकायंत्राजवळ येऊ देऊ नयेत.

इतके झाल्यावर एक व्होल्टमीटर तांडेलाच्या नजरेसमोर लावावा. काही तास विसावलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.७ दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर निम्मी. त्या आकड्याशी गाणे थांबवावे. खर्चाची मर्यादा अशी डोळ्यांसमोर असली म्हणजे आनंदाला भयाची बाधा होत नाही. दर्यावर कष्टाचे दिवस काढणाऱ्या माणसाला गाण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो हक्क त्याने परतीच्या प्रवासाची वीज गहाण न टाकता बजावावा, एवढ्यासाठीच हा सारा हिशेब.