हृदयशस्त्रक्रिया आणि शरीराचे रक्षक

हृदयावरील शस्त्रक्रिया आता सामान्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा तो रुग्ण काही तासच जगला. आज आपल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या जन्मजात हृदयदोषांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. मात्र मूल घरी परतले म्हणजे सारे संपले, असे नव्हे. पुढचे काही आठवडे त्याची रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते. हे का घडते, ते पालकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हृदय उघडून दुरुस्त करायचे, तर बहुधा ते काही काळ थांबवावे लागते. त्या वेळी हृदय व फुफ्फुसांचे काम हार्ट-लंग मशीन करते. डॉ. जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे या यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली. शरीरातील रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून यंत्रात जाते आणि प्राणवायू घेऊन परत येते. त्या परक्या पृष्ठभागाला रक्त शत्रू समजते. रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिने जागी होतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खवळतात आणि सर्वांगात दाह पसरतो.

हा दाह आवरण्यासाठी शरीर स्वतःच लगाम खेचते; पण तो प्रमाणाबाहेर आवळला जातो. मोनोसाइट पेशी एरवी जंतूंचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून इतर पेशींना सावध करतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ही क्षमता घटते. लिम्फोसाइट पेशींची संख्याही उतरते. न्यूमोनिया किंवा जखमेचा संसर्ग बळावतो तो याच काळात.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढे थायमस ही ग्रंथी असते. टी-लिम्फोसाइट पेशी तेथेच तयार होऊन बाहेर पडतात. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारदांना ती अंशतः वा पूर्णपणे काढावी लागते. अशा मुलांत नव्या टी-पेशी पुढे अनेक वर्षे कमी आढळतात. बहुतेक मुले तरीही चांगली वाढतात. परंतु ही नोंद कागदोपत्री जपली पाहिजे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. वसतिगृहात शेकडो मुले एकत्र राहतात, जेवतात, झोपतात. तेथे सर्दी-खोकला पसरण्यास वेळ लागत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पाल्यास डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय परत पाठवू नये. त्याचा दोष लपवू नये. शस्त्रक्रियेची कागदपत्रे शाळेस दाखवावीत. लसीकरणाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून पुन्हा आखून घ्यावे. दात स्वच्छ ठेवावेत, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकतात. ताप आला किंवा जखम लाल झाली, तर अंगारे-धुपाऱ्यांत एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

शल्यविशारदांनी दुरुस्त केलेले हृदय सांभाळणे हे नंतर घराचे आणि शाळेचे काम आहे. ते डोळसपणे केले, तर तेच मूल उद्या आपल्या मैदानावर इतरांबरोबर धावेल.