‘वरून आदेश आहे’ : शिक्षण आयुक्त आणि गावच्या शाळेविषयीचे काही गैरसमज

गोंदिया जिल्ह्यात केशोरीचे नाव निघाले की आधी मिरचीची आठवण होते. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकाचे, गडचिरोलीच्या सीमेलगतचे हे जंगलपट्ट्यातले गाव. या भागात पोरांच्या शाळेबद्दल काहीही विचारा, शिक्षक कमी का, शाळा उशिरा का उघडली, पोषण आहाराचे काय झाले, तर उत्तर बहुधा तीन शब्दांचे असते : ‘वरून आदेश आहे.’ हे ‘वर’ म्हणजे नेमके कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. अर्जुनी मोरगावची पंचायत समिती, गोंदियाची जिल्हा परिषद, नागपूरचे उपसंचालक कार्यालय, पुण्याचे शिक्षण आयुक्तालय की मुंबईचे मंत्रालय? या पाचही ठिकाणांचे अधिकार वेगळे आहेत. ते न कळल्यामुळे अर्ज चुकीच्या दारी जातो आणि ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

गैरसमज : शिक्षण आयुक्त म्हणजे राज्यातल्या सगळ्या शाळांचे धनी

पुण्यात बसणारे शिक्षण आयुक्त भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी असतात आणि शालेय शिक्षणाच्या क्षेत्रीय यंत्रणेचे ते प्रमुख आहेत, एवढे खरे. त्यांच्या हाताखाली प्राथमिक, माध्यमिक असे संचालक, त्यांच्याखाली विभागीय उपसंचालक. गोंदिया नागपूर विभागात येतो. पण धोरण आयुक्त ठरवत नाहीत. ते मंत्रिमंडळ, शालेय शिक्षण मंत्री आणि मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग ठरवतो. आयुक्तांचे काम ते राबवून घेण्याचे, आकडे गोळा करण्याचे आणि अडेल तिथे खुलासा करण्याचे.

शाळाही त्यांच्या नाहीत. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. तेव्हापासून खेड्यातली सरकारी प्राथमिक शाळा चालवते ती जिल्हा परिषद. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि इथल्या शाळा नव्या जिल्हा परिषदेकडे आल्या. शिक्षकांच्या नेमणुकीचा कागद जिल्हा परिषदेचा. पगाराचा पैसा मात्र मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतो, आणि म्हणूनच ‘धनी कोण’ हा प्रश्न कायम अर्धवट सुटलेला राहतो. शिक्षणाधिकाऱ्याची अवस्था तर आणखी अवघड. तो राज्य सेवेतला अधिकारी, पण जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली काम करणारा. समोर लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची शिक्षण समिती, मागे पुणे. दोन्हीकडून विचारणा आली की तो काय करतो हे जाणकारांना ठाऊक आहे : दोन्हीकडे ‘अहवाल सादर’ करतो.

अमेरिकेत शिकणाऱ्या नातवंडांच्या गोष्टी ऐकून काही जण तिथल्यासारखी कल्पना करतात. तिथल्या बहुतेक भागांत शाळांचा कारभार निवडून आलेले स्थानिक मंडळ पाहते, त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि काही राज्यांत तर राज्याचा शिक्षणप्रमुखही मतदानाने निवडतात. त्यामुळे त्याचे मार्गदर्शन पुष्कळदा सल्ल्याच्या पातळीवर राहते आणि स्थानिक मंडळ ते बाजूलाही ठेवू शकते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा खिसा राज्याच्या अनुदानावर चालतो. त्यामुळे पुण्याहून आलेली सूचना कागदावर सल्ला असली तरी गोंदियात पोहोचेपर्यंत तिला आदेशाचे वजन येते.

आणखी एक गल्लत या पट्ट्यात हमखास होते. आश्रमशाळा शिक्षण आयुक्तांच्या नव्हेत. त्या आदिवासी विकास विभागाच्या : नाशिकला आयुक्त, नागपूरला अपर आयुक्त आणि गोंदिया जिल्ह्यासाठी देवरीचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. पुस्तके तीच, दहावीची परीक्षा तीच, पण वसतिगृहातले जेवण, अधीक्षक, शिक्षकांची पदे हे सगळे देवरीच्या वाटेने जाते. आश्रमशाळेतल्या पोराची तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्याकडे देऊन महिनाभर वाट पाहणारे पालक म्हणजे या गल्लतीचे ठरलेले बळी. खासगी अनुदानित हायस्कूलची गोष्ट तिसरीच. तिथे नोकरी देणारी संस्था असते, सेवाशर्ती १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाने बांधलेल्या असतात आणि देखरेख माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याची असते.

गैरसमज : वरून आलेला प्रत्येक कागद म्हणजे आदेश

इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

सर्वांत वर कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याखाली राज्याने केलेले नियम. मग शासन निर्णय, ज्याला सगळे ‘जीआर’ म्हणतात. तो मंत्रालयातून राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो. त्यानंतर परिपत्रक, जे आधीच्या निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची ते सांगते. आणि सर्वांत खाली पत्र : माहिती मागवणारे, प्रस्ताव मागवणारे, आठवण करून देणारे. आयुक्त आणि संचालकांकडून जे येते ते बहुतांशी शेवटच्या दोन प्रकारांतले. परिपत्रकाने कायदा किंवा शासन निर्णय बदलता येत नाही. दोघांत विसंगती दिसली तर वरचा कागद खरा.

याचा अर्थ मार्गदर्शक सूचना म्हणजे फुकटचा उपदेश, असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३५ राज्य शासनाला स्थानिक प्राधिकरणांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढण्याचा व निदेश देण्याचा अधिकार देते. तेच कलम पुढे स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे इथे जिल्हा परिषदेला, समित्यांना असे मार्गदर्शन करण्याचा अधिकार देते. म्हणजे मार्गदर्शनाची साखळी कायद्यातच आहे. प्रश्न फक्त एवढाच की हातातला कागद त्या साखळीतली कोणती कडी आहे.

उदाहरण फार जुने नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयुक्तांचे पत्र निघाले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा मिळून ‘समूह शाळा’ करता येतील का, याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ यांचे दाखले होते. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या, त्यामुळे धसका बसणे स्वाभाविक होते. गावोगाव एकच बातमी झाली : शाळा बंद. वस्तुतः ते प्रस्ताव मागवणारे पत्र होते, शाळेला कुलूप लावणारा निर्णय त्यात नव्हता. पण लोकांची भीतीही हवेतून आलेली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचे पाऊल राज्याने उचलले होते, ते लोकांच्या लक्षात होते. माझ्या मते अशा पत्राच्या वेळी घाबरणेही चूक आणि ‘नुसते पत्र आहे’ म्हणून गप्प बसणेही चूक. प्रस्ताव जिल्ह्यातून जायचा असतो, तेव्हा बोलायची जागा गोंदिया आणि बोलायची वेळ प्रस्ताव जाण्याआधीची. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर राज्याच्या नियमांत आहे, आणि शाळा त्या अंतरात नसेल तर वाहतुकीसारखी सोय करण्याची जबाबदारीही. जंगलातून जाणारा, पावसाळ्यात नाल्याने तुटणारा रस्ता नकाशावर छोटा दिसतो. तो तसा नाही, हे जिल्ह्याच्या प्रस्तावात लिहून जायला हवे. पुण्यातून तो नाला दिसत नाही.

आता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जीआरविषयी. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे वाक्य असते, एक लांबलचक संकेतांक असतो, आणि त्या संकेतांकाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. संकेतस्थळावर तो टाकून पाहिला की दोन मिनिटांत खरे-खोटे कळते. गुरुजींना फोन करण्याआधी एवढे करावे.

गैरसमज : गुरुजींची बदली शिक्षण खाते करते

हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल, पण जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांचे धोरण शालेय शिक्षण विभागाचे नाही, ग्रामविकास विभागाचे आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या आणि त्यानंतर ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयांनी या बदल्या संगणकावर आल्या. त्यांची अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकारी करतात. ‘अवघड क्षेत्र’ कोणते, ही यादीही जिल्ह्यात ठरते. केशोरीसारख्या पट्ट्यासाठी ही यादी फार मोलाची, कारण अवघड क्षेत्रातल्या सेवेवर शिक्षकाचा पुढचा बदलीहक्क अवलंबून असतो. तेव्हा ‘शिक्षण आयुक्तांनी आमचे गुरुजी पळवले’ ही तक्रार पुण्याला पाठवून टपालखर्चच होतो.

मग शिक्षण खात्याच्या हातात काय? पदे किती, हे. ती संच मान्यतेने ठरतात, म्हणजे पटावरून. पटाच्या हिशेबाचे निकष मंत्रालय ठरवते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ते बदलले आणि कमी पटाच्या शाळांत चिंता पसरली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. आणि कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी रिक्त पदे दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. हे कलम सभेत फार क्वचित ऐकू येते. कदाचित ते उच्चारले तर हिशेब द्यावा लागेल म्हणून.

शिक्षकांना शाळेबाहेरची कामे लावण्याविषयीही असेच अर्धवट ज्ञान आहे. कलम २७ ने दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे वगळता बिगरशैक्षणिक कामाला मनाई केली आहे. निवडणुकीची यादी करायला गेलेले गुरुजी त्यामुळे कायद्यातच बसतात. इतर सर्वेक्षणांचे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

गैरसमज : पावसाची सुट्टी पुण्याहून मिळते

अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी देतात, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खालच्या अधिकारात. शाळा कधी उघडायची हे मात्र संचालकांच्या परिपत्रकाने ठरते आणि त्यात विदर्भाची उन्हे धरलेली असतात. २०२५ मध्ये बाकी महाराष्ट्रात शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला. वरच्या मार्गदर्शनात स्थानिक वास्तव कसे बसवता येते, याचा हा त्यातल्या त्यात बरा नमुना. धानाच्या रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे का होतात, हे मात्र अजून कुठल्या परिपत्रकात शिरलेले दिसत नाही.

गैरसमज : पुस्तक, अभ्यासक्रम, परीक्षा सगळे आयुक्तांचे

थोडक्यात सांगायचे तर अभ्यासक्रम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, पुस्तके बालभारतीची, दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळाची आणि गोंदियासाठी त्याच्या नागपूर विभागीय मंडळाची. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला, तेव्हा १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय मंत्रालयाचे होते. २९ जूनला ते मागे घेतले तेही मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर, आणि पुढचा विचार नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेला. त्या गदारोळात एक गोष्ट या भागातल्या कुणी विचारायला हवी होती. ज्या घरात पोर गोंडी बोलते किंवा झाडीबोली, तिथे शाळेतली प्रमाण मराठी हीच मुळात दुसरी भाषा आहे. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ म्हणते. मुंबईतल्या चर्चेत त्या पोराची गणती कुठे होती?

गैरसमज : गावाने फक्त ऐकायचे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि शासनाच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असायला हवा. अनुदानित खासगी शाळेत समिती केवळ सल्लागार असते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला खरे काम आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आराखडा मुख्याध्यापक भरतात आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. सही करणाऱ्या आईला त्यात शौचालयाच्या पाण्याची मागणी आहे की नाही, हे वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

समितीचा ठराव म्हणजे नकाराधिकार नाही, हेही खरे. ठराव करून कुणाची बदली थांबत नाही. पण तक्रारीला ठरलेली वाट आहे. आधी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, आणि तिथे दाद लागली नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. बालकाच्या हक्काशी संबंधित तक्रारीवर संबंधितांना म्हणणे मांडू देऊन तीन महिन्यांत निर्णय व्हायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. या वाटेत शिक्षण आयुक्तांचा टप्पा नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मात्र मागून घ्यावा, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.