आधी पायी वाट, मग गाडी

 

गटाचं काम गाडीवाचून किती अडतं, हे तुम्हाला सांगायला नको. बँकेत जायचं, शेजारच्या गावातल्या गटाच्या वह्या बघायच्या, बाजारच्या दिवशी मंठ्याला माल पोचवायचा. दर वेळी घरात म्हणायचं, "मला सोडता का?" त्याला वेळ नसला की आपली बैठक बुडाली. म्हणून आमच्या गटातल्या पाच जणींनी स्कुटी शिकायची ठरवली. त्यातली एक ताई पहिल्याच दिवशी पडली. भाच्यानं शिकवायला तिला थेट शेताच्या वाटेवर नेलं होतं. उतार, त्यावर सुटी खडी, आणि घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला. कोपर फुटलं. वरून ऐकावं लागलं, "बायांचं काम नाही ते." ताईनं वर्षभर गाडीला हात लावला नाही.

आम्ही नंतर बसून विचार केला. पहिलीतल्या लेकराला दहावीच्या पेपराला बसवलं, तर नापासाचा दोष लेकराचा कसा? वाटेलाही इयत्ता असते. ती कशी ओळखायची, हे एका खेळातून छान समजतं.

मोटारसायकलच्या या खेळाला ट्रायल्स म्हणतात. यात पळवापळवी नसते. दगडधोंडे, ओढा, चढ, चिखल अशा अवघड जागेत एक छोटा टप्पा आखतात. त्यातून पाय खाली न टेकवता गाडी काढायची. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, तीनदा किंवा जास्त टेकला तर ३. पडलं किंवा आखणीबाहेर गेलं तर ५. हे गुण दंडाचे, म्हणून ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकतो.

नवशिके आणि मुरलेले पुष्कळदा एकाच टप्प्यात उतरतात, पण दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. वेगवेगळ्या रंगांचे बाण लावलेले असतात. मुरलेल्याचा बाण मोठ्या दगडावरून नेतो, नवशिक्याचा त्याच दगडाला वळसा घालून. वळसा घालणाऱ्याला कोणी हसत नाही, तो त्याच्या इयत्तेत असतो. आणि गाडी घालण्याआधी प्रत्येक जण तो टप्पा पायी चालून बघतो, जगज्जेतासुद्धा. बायांची जागतिक ट्रायल्स स्पर्धा २००० साली सुरू झाली. पहिलीच स्पर्धा स्पेनच्या लाइया सान्झ हिनं १४ व्या वर्षी जिंकली, आणि पुढे एकूण १३ वेळा ती जगज्जेती झाली. तीही आधी चालूनच बघायची.

आपल्याला दगडावर गाडी चढवायची नाही. पण वाट जोखायची ही रीत आपल्या कामाची आहे. आम्ही आमच्या भागातल्या वाटांच्या चार पातळ्या केल्या.

पहिली पातळी म्हणजे सपाट, घट्ट, मोकळी जागा. सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान चांगलं. इथं निघणं, थांबणं, हळू वळणं शिकायचं.

दुसरी पातळी गावातला सिमेंटचा रस्ता. जमीन चांगली, पण वळणं, गतिरोधक, मध्येच येणारी शेळी आणि लेकरं.

तिसरी पातळी मुरमाचा, खडीचा, खड्ड्यांचा रस्ता आणि उतार. इथं वेग आधीच कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, हँडल झटक्यानं वळवायचं नाही. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही, जिथं जायचंय तिथं ठेवायची.

चौथी पातळी पावसाळ्यातली पांदण. आपली काळी माती भिजली की चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. इथं गाडी कडेला लावून चालत जाणं हेच शहाणपण. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ती कुठलीच पातळी नाही. तिथून माघारी फिरायचं.

मग शेगाव–पंढरपूरचा मोठा रस्ता कुठं बसतो? तो गुळगुळीत आहे, म्हणून सोपा वाटतो. पण तिथं ट्रक असतात, उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. तोल सांभाळणं सोपं, गर्दी सांभाळणं अवघड. तिसरी पातळी पक्की झाल्याशिवाय तिथं जाऊ नका, आणि सुरुवातीला रात्री तर नाहीच.

एक लक्षात ठेवा, पातळी कायमची नसते. उन्हाळ्यातली दुसरी पातळी पावसानं चौथी होते. मागं गव्हाचं पोतं ठेवलं तरी एक पातळी वाढली समजा.

आम्ही दंडाचे गुणही मोजले. मैदानात चुन्यानं वाट आखायची, हळू गाडी काढायची आणि मैत्रिणीनं पाय किती वेळा टेकला ते वहीत लिहायचं. लागोपाठ तीन फेऱ्या शून्य आल्या की पुढची पातळी. हे मोजणं मैदानापुरतं. रस्त्यावर तोल जातोय वाटलं तर खुशाल थांबा, पाय टेकवा.

गाडीवर बसण्याआधी शिकाऊ लायसन्स काढा. आपल्या नेहमीच्या स्कुटीसाठी वय १८ पूर्ण हवं. पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. तोवर मागं बसवायचं ते फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला, लेकराला नाही. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घालून पट्टा लावायचा. पदर आणि ओढणी घट्ट खोचायची. चाकात अडकली तर जिवावर बेततं.

आमच्या त्या ताईनं पुन्हा शाळेच्या मैदानापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी वहीत तिच्या नावापुढं पाचच पाच होते. दीड महिन्यानं शून्य आलं. आज ती शेजारच्या गावच्या बैठकीला स्वतः जाते. पावसाळ्यात पांदण आली की गाडी लावते, चपला हातात घेते आणि चालत जाते. उशीर होतो, पण बैठक बुडत नाही.

येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावातून बँकेपर्यंतची वाट आठवा, तिचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढं पातळी लिहा. जिला शिकायचंय तिला ती वही दाखवा.