दालचिनी : कोणती, किती आणि कशात

दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची आणि सुंठ हे घरच्या बेकिंगमध्ये नेहमी लागणारे मसाले. त्यांत सर्वाधिक वापर दालचिनीचा होतो आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याविषयीच आहेत. सगळ्यांत चिवट गैरसमज दोन तुकड्यांचा आहे. दालचिनी ती दालचिनीच, तिच्यात प्रकार कसले, हा पहिला तुकडा. झाडाची साल आहे, कितीही घातली तरी गुणच येणार, हा दुसरा. पाककृतींच्या व्हिडिओंत, किराणा दुकानात आणि आरोग्याचे सल्ले देणाऱ्या संदेशांत हे दोन्ही तुकडे इतक्या वेळा ऐकायला मिळतात की ते शंकेपलीकडचे वाटू लागतात. प्रत्यक्षात दोन्ही चुकीचे आहेत, आणि पहिल्या चुकीमुळे दुसरी अधिक महाग पडते.

दालचिनी म्हणून विकली जाणारी साल सिनॅमोमम या वंशातल्या निरनिराळ्या झाडांची असते. तमालपत्रही याच वंशातले. मूळची श्रीलंका आणि दक्षिण भारतातली सिनॅमोमम वेरम ही एक. तिलाच सिलोन दालचिनी म्हणतात. दुसरा गट कॅसियाचा. त्यात चीनची, इंडोनेशियाची आणि व्हिएतनामची अशा वेगवेगळ्या जाती येतात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत या दोन गटांना दोन स्वतंत्र नोंदी आहेत: ‘दालचिनी’ आणि ‘कॅसिया (ताज)’. म्हणजे हा भेद चोखंदळ लोकांनी काढलेला नाही, तो कायद्याच्या पुस्तकात आहे. तरीही सुट्या मसाल्याच्या पोत्यावर बहुतेक ठिकाणी एकच नाव दिसते आणि पोत्यात बहुधा कॅसिया असते, कारण ती स्वस्त पडते.

अख्खी साल ओळखणे मुळीच अवघड नाही. सिलोन दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते. अनेक पदर एकात एक गुंडाळून तिची कांडी तयार होते, रंग फिकट तपकिरी असतो आणि बोटांनी दाबली की ती चुरते. कॅसियाची साल जाड, टणक आणि लालसर गडद असते. तिचा एकच पदर आत वळलेला असतो आणि मिक्सरमध्ये टाकली तर तिचा खडखडाट होतो. पूड झाल्यावर मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्रीने काही सांगता येत नाही. बेकिंगसाठी अख्खी साल आणून घरीच दळण्याचा आग्रह धरावा, तो मुख्यतः याच कारणासाठी. दुसरे कारण भेसळीचे आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गरात शिसे सापडले. ते त्यातल्या दालचिनीच्या पुडीतून आले होते आणि पुडीत लेड क्रोमेट असल्याचे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासात आढळले. ही भेसळ पुडीत सहज खपते, अख्ख्या सालीत करणे कठीण असते.

दोन दालचिनींतला महत्त्वाचा फरक कूमरिन या द्रव्याचा आहे. हे द्रव्य निसर्गतः अनेक वनस्पतींत असते. काही लोकांना ते अल्प प्रमाणातही बाधते आणि त्यांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २००६ मध्ये नाताळच्या दालचिनी बिस्किटांच्या निमित्ताने यावर जाहीर इशारा दिला होता. त्या संस्थेच्या आकड्यांनुसार कॅसियाच्या एक किलो पुडीत सरासरी सुमारे ३ ग्रॅम कूमरिन असते. सिलोन दालचिनीत ते इतके कमी असते की रोजच्या वापरात त्याची दखल घेण्याची गरज नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढासाठी ती ६ मिलिग्रॅम होते, म्हणजे साधारण २ ग्रॅम कॅसिया पूड. १५ किलोच्या मुलासाठी अर्धा ग्रॅम.

आता हेच गणित ओव्हनमधल्या साच्याला लावून पाहावे. केळ्याच्या किंवा गाजराच्या मध्यम लोफमध्ये दोन सपाट चहाचे चमचे पूड घातली जाते. तिचे वजन साधारण ५ ग्रॅम. ती कॅसिया असेल तर लोफमध्ये सुमारे १५ मिलिग्रॅम कूमरिन गेले. लोफचे दहा काप केले तर एका कापात दीड मिलिग्रॅम. प्रौढाने एखादा काप खाल्ला तर काहीच बिघडत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा मात्र त्या एका कापातच भरते. त्याच दिवशी सकाळी दुधातून ‘सर्दीसाठी’ चिमूटभर दालचिनी दिलेली असेल तर मर्यादा ओलांडली गेली. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमात साध्या गोड बेकरी पदार्थांसाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम कूमरिनची कमाल मर्यादा आहे. नावात दालचिनीचा उल्लेख असलेल्या पारंपरिक आणि सणावारी पदार्थांना ५० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. घरचा ९०० ग्रॅमचा हा लोफ पहिल्या मर्यादेच्या किंचित वर जातो. डेन्मार्कमध्ये २०१३ साली तिथल्या लाडक्या दालचिनी पावावरून, तो साधा पदार्थ की पारंपरिक, असा मोठा वाद झाला, तो याच दोन आकड्यांमुळे.

या आकड्यांनी घाबरून जायचे कारण नाही. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याच्या हिशेबाने आखलेली आहे. आठवडा-दोन आठवडे तिच्या तिप्पट कूमरिन पोटात गेले तरी चिंता नाही, असे युरोपीय प्राधिकरणाने २००८ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. नाताळात चार दिवस केक खाणाऱ्याला धोका नाही. धोका आहे तो रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेणाऱ्याला, आणि असे करा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. नैसर्गिक पदार्थाचा अतिरेक होत नाही, हे वाक्य कोणी कितीही खात्रीने म्हटले तरी खोटेच आहे. एरंडाचे बी नैसर्गिक असते, धोत्राही नैसर्गिक असतो.

याच गैरसमजाचे जोडभावंड म्हणजे दालचिनी घातलेला केक मधुमेहींना चालतो, हा दावा. मधुमेहावर दालचिनीच्या उपयोगाची दहा चाचण्यांची छाननी कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की शिफारस करण्याइतका पुरावा नाही. पण समजा थोडासा परिणाम होत असला, तरी २०० ग्रॅम साखर आणि तेवढाच मैदा असलेल्या पदार्थात चमचाभर साल काय फरक पाडणार? मधुमेह असलेल्या माणसाला असा केक ‘औषधी’ म्हणून खाऊ घालणे हा निष्काळजीपणा आहे आणि तो थांबायला हवा.

कॅसिया म्हणजे बनावट दालचिनी, असा उलटा गैरसमजही आता पसरू लागला आहे. कॅसिया हा स्वतंत्र आणि चांगला मसाला आहे. तिच्या तेलात सिनॅमाल्डिहाइडचे प्रमाण बरेच जास्त असते, त्यामुळे तिची चव ठसठशीत आणि तिखट-गोड लागते. अमेरिकी पद्धतीच्या दालचिनी रोलची ओळखीची चव कॅसियाचीच. सिलोन दालचिनीत युजेनॉल हे लवंगेत विपुल असणारे द्रव्यही असते. तिचा सुगंध हलका, थोडा फुलांसारखा येतो. दुधाचे कस्टर्ड, साधा स्पंज केक, लिंबाची चव असलेला केक यांत ती शोभते. गूळ, कोको किंवा भोपळ्याच्या दाट मिश्रणात मात्र ती हरवते आणि तिथे कॅसियाच हवी. मुलांसाठी वारंवार केला जाणारा पदार्थ असेल तर सिलोन घ्यावी. सणाच्या एका केकसाठी कोणतीही चालेल.

सिलोन दालचिनी फक्त श्रीलंकेतूनच येते असेही नाही. कोकणातल्या नारळाच्या बागांत ती आंतरपीक म्हणून घेतली जाते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची तिची जात दिली आहे. केरळात कन्नूरजवळच्या अंजरकंडीला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून दालचिनीचा मोठा मळा होता. तिथल्या मर्डॉक ब्राउन या मळेवाल्यानेच १८८३ मध्ये तलश्शेरीच्या मंबळ्ळी बापू यांच्याकडून नाताळचा केक करवून घेतला, असे सांगतात. भारतात तयार झालेला तो पहिला नाताळचा केक मानला जातो.

दालचिनीमुळे पाव फुगत नाही, या समजात अर्धे सत्य आहे. सिनॅमाल्डिहाइड बुरशी आणि यीस्ट यांची वाढ रोखते. त्यामुळे यीस्टच्या पिठात ती सढळपणे मळली तर पीठ फुगायला वेळ लागतो आणि पाव दडस होतो. लवंगेचेही तसेच. म्हणूनच दालचिनी रोलमध्ये पूड पिठात न मळता लोणी-साखरेबरोबर लाटलेल्या पोळीवर पसरून गुंडाळतात. पिठातच हवी असेल तर अर्धा किलो मैद्याला अर्धा चहाचा चमचा पुरे, आणि पीठ वर यायला जास्त वेळ द्यावा. बेकिंग सोडा किंवा बेकिंग पावडरच्या केकला हा नियम लागू नाही. तिथे फुगवण्याचे काम रासायनिक क्रियेने होते. त्यात कोणताही जीव नसतो ज्याला मसाला बाधेल. सोड्याचा केक बसला तर दोष दालचिनीचा नाही, जुन्या सोड्याचा किंवा मध्येच उघडलेल्या दाराचा असतो.

ओव्हनच्या उष्णतेने मसाल्याचा अर्क उडून जातो, म्हणून दुप्पट घाला, हा सल्लाही टाकाऊ आहे. ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकमध्ये पाणी असल्यामुळे त्याचा गाभा शंभर अंशांच्या आतच राहतो. सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल यांचे उत्कलनबिंदू २४० अंशांच्या वर आहेत. वाफेबरोबर थोडा सुगंध निघतो, घरभर दरवळतो तो हाच. पण मोठा भाग लोणी-तेलात विरघळून आतच राहतो. चव पुसट लागण्याचे खरे कारण बहुतेक वेळा वर्षभर उघडी पडलेली पूड असते. पूड वितळलेल्या कोमट तुपात किंवा लोण्यात दहा मिनिटे भिजवून मग मिश्रणात घातली तर तेवढ्याच मसाल्याची चव चांगली उतरते.

गोड पदार्थांपुरतेच हे मसाले, असे मानणाऱ्यांनी जगातल्या तिखट-खारट भाजलेल्या पदार्थांकडे पाहावे. ग्रीसच्या मुसाका आणि पास्तित्सिओ या थरांच्या पदार्थांत खिम्याला दालचिनी लावलेली असते. मोरोक्कोच्या बस्तिलामध्ये पातळ पापुद्र्यांत कबुतराचे किंवा कोंबडीचे मांस आणि बदाम भरतात आणि वर पिठीसाखरेबरोबर दालचिनी भुरभुरवतात. केप टाउनच्या मलय समाजाच्या बोबोटीत मसालेदार खिम्यावर अंडे-दुधाचा थर देऊन तो भाजतात. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतल्या खिमा पॅटिसची लज्जतही गरम मसाल्यातच आहे. इथे प्रमाण सांभाळावे लागते: अर्धा किलो खिम्याला पाव चहाचा चमचा दालचिनी आणि एखादी लवंग. दालचिनी ओळखू येऊ लागली की ती जास्त झाली. तिने मांसाची चव भरीव करावी एवढेच अपेक्षित असते. शाकाहारी सारणात लाल भोपळा, रताळे आणि मशरूम यांच्याशी हे मसाले चांगले जुळतात.

मसाल्याचे बेकिंग परकीय आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. गोव्याच्या बेबिंकात जायफळ, पारशी मावा केकमध्ये वेलची आणि नानकटाईत दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत.

बाकीच्या मसाल्यांविषयीही असेच काही गैरसमज आहेत. सुंठ आणि ताजे आले एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचे शोगाओल होते आणि ते अधिक झणझणीत असते. शिवाय ताज्या आल्यात भरपूर पाणी असते. जिंजरब्रेडला सुंठच हवी.

जायफळ आणि जायपत्री वेगवेगळ्या झाडांची नसतात. एकाच फळातली बी म्हणजे जायफळ आणि तिच्यावरचे लाल जाळीदार वेष्टन म्हणजे जायपत्री. केकला चिमूटभर जायफळ पुरते. एका बैठकीत अख्खे जायफळ पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते.

ऑलस्पाइस हे मसाल्यांचे मिश्रण नव्हे. ते मध्य अमेरिका आणि जमैकातल्या एका झाडाचे वाळवलेले कच्चे फळ आहे. पम्पकिन स्पाइस मात्र खरोखरच मिश्रण आहे आणि त्यात भोपळा नसतो.

मसालावेलची म्हणजे मोठी हिरवी वेलची नव्हे. ती दुसऱ्या वनस्पतीची, धुरावर वाळवलेली असते. केकमध्ये घातली तर धुराचा वास येतो, खिम्याच्या पायमध्ये मात्र ती छान लागते.

तारीख उलटलेला मसाला विषारी होत नाही, फक्त निःसत्त्व होतो. पण ओल लागून बुरशी आली असेल तर तो भाजून घेऊनही वापरू नये, कारण बुरशीची काही विषे ओव्हनच्या उष्णतेलाही टिकतात.