बिऱ्हाड किती किलोचं?

मे महिन्याअखेरची बँक हॉलिडे झाली की त्याच आठवड्यातल्या बुधवारी वायव्य लंडनमधल्या पिनरचा हाय स्ट्रीट वाहनांना बंद होतो. दुकानांच्या दारात पाळणे उभे राहतात, नेमबाजीचे ठेले लागतात. तिसऱ्या एडवर्ड राजानं १३३६ साली दिलेल्या सनदेवर ही जत्रा आजही भरते. खेळवाले येतात, खेळ मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला लागतात. एरवी पिनर म्हणजे सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडणाऱ्यांचं शांत उपनगर. १९२०-३०च्या दशकांत बांधलेली जोडघरं, पुढं बाग, बाजूला गाडीपुरती जागा. त्या जागेत अधूनमधून एखादी पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर, उभी दिसते.

हॅरो-पिनर-वेम्ब्ली या पट्ट्यात भारतीय वस्ती दाट आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ, स्थापना १९३२ची, इथून फार लांब नाही. मुलं मोठी झाली, निवृत्ती जवळ आली किंवा नोकरीतून वर्षभराची सुट्टी मिळाली, की घराला कुलूप लावून कॅराव्हॅनमधून सहा महिने ब्रिटन आणि जमल्यास युरोप पालथा घालायचा बेत अशा घरांतही शिजू शकतो. हॉटेलांचा खर्च टळतो, आपलं अंथरूण आपल्यासोबत राहतं आणि रोज वरणभात मिळतो. बेत उत्तम आहे. तो फसतो तो बहुधा वजनापायी.

मौजेसाठी चाकांवरचं घर घेऊन निघण्याची ब्रिटिश परंपरा विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरापासून धरतात. त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली ते बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला गेले. गाडी सुमारे दोन टनांची होती, ओढायला दोन घोडे होते. पुढं १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला. आजचा कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब तो हाच. घोड्यांची जागा मोटारीनं घेतली, पण ओढणाऱ्याला किती झेपेल हा प्रश्न मात्र सुटला नाही.

त्याचं उत्तर कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पट्टीवर आणि कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. दोन आकडे पाहायचे. एक, कारखान्यातून निघतानाचं वजन, ज्याला तिथले लोक ‘मायरो’ म्हणतात. दुसरा, सामानासकट चालणारं कमाल वजन, म्हणजे एमटीपीएलएम. दोहोंतला फरक म्हणजे तुम्हाला भरता येणारं सामान. समजा, कारखान्याचं वजन ११५० किलो आणि कमाल १३०० किलो आहे. हाती राहिले १५० किलो. ऐकायला बरे वाटतात. पण बॅटरी, दाराबाहेर लावायचा कापडी मांडव म्हणजे ऑनिंग, गॅसची टाकी, आणि गाडी न जोडता कॅराव्हॅन रिमोटनं हलवणारी मोटर यांतच त्यातला मोठा वाटा संपतो. नुसती मोटरच ३० किलोंच्या आसपास भरते. मायरोमध्ये यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून पुस्तिका ओळ न ओळ वाचावी. उरलेल्या किलोंत दोघांचे सहा महिन्यांचे कपडे, भांडी, पुस्तकं, पाच किलो तांदूळ, डाळी, मसाले आणि काकूंनी पुण्याहून पाठवलेली लोणच्याची काचेची बरणी बसवायची असते.

बरणी घरी ठेवा, लोणचं प्लास्टिकच्या डब्यात काढा.

दुसरं गणित मोटारीचं. मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून भरलेली कॅराव्हॅन जड नसावी, असा तिथला रूढ सल्ला आहे. तो कायदा नव्हे, पण नवख्यांनी तो कायद्यासारखाच पाळावा. मोटार १६०० किलोंची असेल तर मागचं घर १३६० किलोंच्या आत हवं. मोटारीचा कारखाना जी ओढण्याची कमाल मर्यादा देतो ती वेगळी. ती कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही. विजेवर चालणारी मोटार असेल तर आधी तिला ओढण्याची परवानगी आहे का ते पाहावं, कारण अनेकींना नाही. ज्यांना आहे त्यांचीही एका चार्जमधली मजल कॅराव्हॅन जोडली की बरीच घटते, आणि पुष्कळ चार्जिंगच्या जागांवर घर सोडून मोटार एकटीच आत न्यावी लागते.

पिनरकरांना आणखी एक हिशेब आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्याच बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांत, आणि म्हणून पिनर ज्यात येतं त्या हॅरोतही, प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंडांचा यूलेझ आकार लागू झाला. पेट्रोलची गाडी साधारण युरो ४ आणि डिझेलची युरो ६ दर्जाची असली तर तो लागत नाही. ओढायला डिझेलच बरं म्हणून कुणी जुनी दणकट डिझेल गाडी स्वस्तात घेतली, तर ती घराबाहेर काढली की मीटर सुरू. कॅराव्हॅनवर वेगळा आकार नाही.

परवान्याचा प्रश्न मात्र सोपा झाला आहे. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा दिलेल्यांना पूर्वी जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर साध्या परवान्यावर ओढता येतो. भारतातून नुकत्याच गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की भारतीय परवान्यावर तिथं बाराच महिने गाडी चालवता येते. पुढं ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. परीक्षा उरली नाही म्हणून शिकायचं नाही, असं मात्र नव्हे. क्लबांचे एक-दोन दिवसांचे वर्ग असतात आणि ते पैसे वाया जात नाहीत. मागं घेताना कॅराव्हॅनला उजवीकडं वळवायचं तर मोटारीचं चाक आधी डावीकडं फिरवावं लागतं. कागदावर हे चटकन समजतं; पिनर हिलच्या उतारावर, मागं दोन गाड्या थांबलेल्या असताना, हात ऐकत नाही.

आता सामान कुठं ठेवायचं. जड वस्तू खाली, चाकांच्या आसाच्या वर किंवा जवळ. वरच्या कपाटांत टॉवेल आणि बिस्किटं. मागच्या टोकाला जड काही ठेवलं की कॅराव्हॅनचं नाक उचललं जातं आणि ती शेपटीसारखी डोलू लागते. नाकावर किती भार हवा? भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के. १३०० किलोंच्या घराला ६५ ते ९१ किलो. पण मोटारीची आणि तिच्या मागं लावलेल्या ओढण्याच्या हुकाची स्वतःची मर्यादा असते, अनेकदा ७५ ते १०० किलोंच्या दरम्यान. त्यातला सर्वांत लहान आकडा खरा मानायचा. हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा घ्यावा, त्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करावा आणि सपाट जागी कॅराव्हॅनचं नाक त्यावर टेकवावं. पूर्ण वजनासाठी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर फेरी मारावी. बहुतेकांना तिथं धक्का बसतो.

मोटरवेवर मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतारावर वेग वाढला की हलकीशी डोल सुरू होते. अशा वेळी ब्रेक दाबायची इच्छा अनावर होते. दाबू नये. चाक सरळ धरावं, उलटसुलट फिरवू नये, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा. वेग उतरला की डोल विरते. ओढण्याच्या हुकावर बसणारा स्टॅबिलायझर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांची मदत होते, पण चुकीचं भरलेलं सामान ती यंत्रं बरोबर करून देत नाहीत.

वेगाची मर्यादाही वेगळी आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०. मोटरवेवर तीन किंवा अधिक लेन असतील तर सर्वांत उजवीकडची लेन वर्ज्य. कॅराव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल तर लांब हातांचे जादा आरसे लावणं सक्तीचं आहे. नसतील तर हजार पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन पॉइंट लागू शकतात. जोड तुटलाच तर कॅराव्हॅनचा ब्रेक ओढणारी बारीक केबल गाडीला अडकवलेली हवी. आणि चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, आजी दमल्या असल्या तरी.

टायरचा मामला फसवा असतो. कॅराव्हॅन वर्षातून बराच काळ उभी असते, त्यामुळं नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र आतून म्हातारं झालेलं असतं. पाच वर्षांनी टायर बदलावेत, सातच्या पुढं नेऊ नयेत. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनला मोटारीसारखी वार्षिक एमओटी तपासणी नाही, म्हणून ही जबाबदारी मालकाचीच. सेकंडहँड घेताना नाकानं तपासावी: ओलीचा वास, मऊ पडलेली भिंत, खिडकीच्या कोपऱ्यातले डाग. ओल शिरलेली कॅराव्हॅन स्वस्त वाटते आणि महागात पडते.

रस्ता निवडताना मोटारीच्या नकाशावर विसंबू नये. नॉर्थ यॉर्कशरमध्ये थर्स्कजवळ ए१७० रस्त्यावरच्या सटन बँक या चढाला कॅराव्हॅनना मनाई आहे. चढ चारास एक इतका उभा, आणि वर वळणं. सॉमरसेटमधली पोर्लॉक हिलही तशीच उभी आणि वळणांची. तिथं शेजारून टोलचा सौम्य रस्ता आहे. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसला जाणाऱ्या बेलाख ना बा घाटाच्या तोंडाशी कॅराव्हॅनवाल्यांना सावध करणारा फलक लावलेला आहे. वरंधा उतरलेल्या माणसाला तो घाट नवा वाटणार नाही, पण वरंध्यात मागं घर बांधलेलं नव्हतं.

मुक्कामी पोचल्यावर वीज, गॅस आणि पाणी. मोठ्या क्लबांच्या तळांवर बहुधा १६ अँपियरचा निळा सॉकेट मिळतो, म्हणजे सुमारे ३७०० वॉट. शेतावरच्या छोट्या तळांवर १० अँपियर, म्हणजे २३००. फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी ६, म्हणजे जेमतेम १४००. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात, सोबत हीटर आणि किटली लावली की फ्यूज उडालाच. कमी वॉटची किटली घ्यावी आणि एका वेळी एकच काम करावं. वीज नसलेल्या जागी शंभर अँपियर-अवरच्या साध्या लेड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. त्या निम्म्यात दिवे, पंप, फोन चालतात. इन्व्हर्टरवर चटणीपुरता मिक्सर फिरतो, कारण काम दोन मिनिटांचं. पण इलेक्ट्रिक राइस कुकरची चैन परवडत नाही. छतावरचं सौर पॅनेल जूनमध्ये उदार असतं, डिसेंबरात कंजूस.

खरा तारणहार प्रेशर कुकर. एका शिट्टीत डाळभात, गॅस थोडा, वाफ कमी. गॅस घेताना थंडीचा विचार करावा: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणं सोडतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. बारमाही फिरणाऱ्यानं प्रोपेनची लाल टाकी घ्यावी. हा गॅस हवेहून जड असतो, म्हणून गळती झाली तर तो बाहेर पडावा यासाठी तळाशी भोकं ठेवलेली असतात. गार वारा येतो म्हणून ती कापडानं बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि बार्बेक्यू कधीही ऑनिंगच्या आत आणू नये. फोडणी देताना मात्र छताची खिडकी उघडा. नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या तळाला जेवायला बोलावतो.

पाण्यासाठी ४० लिटरचं लोळवत नेता येणारं पिंप असतं. प्रवासात ते रिकामं ठेवावं, कारण भरलं की ४० किलो. संडासाची पेटी दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी ओतावी लागते. हे काम कुणाचं, ते निघण्याआधीच ठरवावं.

आतल्या रचनेचं कौतुक करावं तेवढं थोडं. बाक उघडला की पलंग, पलंगाखाली कपाट, टेबलाची फळी रात्री गादीखाली. विचित्र यंत्रांची चित्रं काढणारा हीथ रॉबिन्सन १९०८ ते १९१८ पिनरमध्येच राहत होता. त्याच्या ‘हाऊ टू लिव्ह इन अ फ्लॅट’ या १९३६ च्या पुस्तकात अशाच दुहेरी कामाच्या फर्निचरची थट्टा आहे. पिनर मेमोरियल पार्कातलं त्याचं संग्रहालय कॅराव्हॅन घेण्याआधी पाहण्याजोगं आहे.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. साधा कॅराव्हॅन विमा सुट्टीतल्या वापरापुरता असतो; तिच्यातच मुक्काम ठोकायचा असेल तर तसं विचारून वेगळी पॉलिसी घ्यावी. पिनरचं घर बंद राहणार असेल तर त्याचा विमाही तपासावा, कारण सलग ३० किंवा ६० दिवस रिकाम्या घराला बऱ्याच पॉलिसी संरक्षण देत नाहीत. वाटेत दुखलंखुपलं तर कोणत्याही भागातल्या डॉक्टरकडं तीन महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंदणी करता येते. युरोपात ब्रिटिश पासपोर्टवर १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येतं. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच. मोटारीवर ‘यूके’ ही अक्षरं हवीत. जुना ‘जीबी’चा स्टिकर २८ सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही.

इकडं महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण आपल्याकडं अशी गाडी म्हणजे बहुतेकदा इंजिनासकटची मोटरहोम. मोटारीमागं घर ओढण्याची रीत अजून रुजलेली नाही. लंडनहून परतणाऱ्यांनी तो बेत इथं आणताना आधी आपल्या घाटांचा विचार करावा.

पहिली फेरी लांबची नको. चिल्टर्न टेकड्यांत, पाचच कॅराव्हॅनना परवानगी असलेल्या एखाद्या शेतावरच्या तळावर, सहा महिन्यांचं सगळं सामान भरून दोन रात्री काढाव्यात. त्यात जी वस्तू कपाटाबाहेर आलीच नाही ती घरी उतरवावी, औषधं आणि रेनकोट सोडून. मग पुन्हा एकदा वजनकाट्यावर जावं आणि आकडा बसला तरच उत्तरेचा रस्ता धरावा.